उघडता आलं म्हणून उघडायचं?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवली आणि जरा मोबाईल घेऊन बसले. मुलगा सुट्टीला आला होता. डोकावून म्हणाला, "काय बघतेस गं?" म्हटलं, "एथिकल हॅकिंग शिकतेय." तो इतका हसला, की त्याच्या बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आई, तुला अजून धड स्टेटस ठेवता येत नाही!"

खोटं नव्हतं ते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. संसार, सासूबाईंचं आजारपण आणि अकरा वर्षं बचत गटाचं काम, एवढंच माझं जग. पण हसू माझ्या मनाला लागलं नाही, कारण त्याच्या महिनाभर आधी मी एकीला रडताना बघितलं होतं.

आमच्या गटातली ती. शिवणकाम करते. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, ओळखीच्याच नंबरावरून. उघडली, तर पत्रिका काही दिसेना. दिसणार कशी? फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरं होती. म्हणजे ती पत्रिका नव्हतीच, ते एक अ‍ॅप होतं. त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तिने 'हो' केलं, आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जायला लागले. अडतीस हजार गेले. १९३० या नंबरावर लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते, हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. दोन दिवस तिने घरात सांगितलंच नाही. सांगितल्यावर काय ऐकावं लागलं, ते लिहीत नाही. 'अडाणी' हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द.

अडाणी कशी हो? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. तिथे काय अडाणी माणसं बसली होती? पण बाईचे पैसे गेले की तिची अक्कल निघते.

तर मी ठरवलं, चोर घरात शिरतो कसा हे एकदा शिकायचंच. एथिकल हॅकर म्हणजे तरी कोण? मालकाने स्वतः बोलावून 'माझ्या घराची कुलपं तपासून दे' म्हणावं, असा माणूस. चोराच्या सगळ्या युक्त्या त्याला ठाऊक, पण तो आत शिरतो परवानगी घेऊन, आणि कुठे कडी ढिली आहे ते मालकाला सांगतो.

पहिलं अ‍ॅप घेतलं त्याचीच गंमत. 'चुटकीसरशी हॅकर बना' अशी जाहिरात, आणि उघडल्याबरोबर मागणी काय? तुमचे सगळे संपर्क, फोटो आणि मेसेज बघू द्या! कुलपं शिकवणाऱ्याला माझ्या कपाटाची किल्ली कशाला हवी? काढून टाकलं. तोच माझा पहिला धडा झाला म्हणायचा. दुसरं अ‍ॅप बरं निघालं. रोज दहा-पंधरा मिनिटांचा धडा, शेवटी पाच प्रश्न. इंग्रजीत होतं, त्यामुळे शेजारी शब्दकोश आणि वही.

हळूहळू उमगायला लागलं. कॉम्प्युटरला आत-बाहेर करायला ६५ हजारांहून जास्त 'पोर्ट' असतात. म्हणजे एवढी दारं असलेला वाडाच की! हॅकर आधी वाड्याभोवती फिरून कुठलं दार उघडं आहे ते बघतो. पासवर्डचं तर मला फार आवडलं. चांगल्या कंपन्या आपला पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचं पीठ करून ठेवतात. पिठातून पुन्हा गहू होत नाहीत, तसा त्या पिठावरून पासवर्ड काढता येत नाही. मग चोर काय करतो? लोक नेहमी ठेवतात तसे लाखो पासवर्ड स्वतः दळतो आणि कुठलं पीठ जुळतं ते बघतो. मुलाचं नाव आणि जन्मसाल हे दळण सगळ्यात आधी गिरणीत जातं. मी त्याच संध्याकाळी माझा पासवर्ड बदलला. तो काय होता, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पण एक प्रामाणिकपणे सांगते. मोबाईलवरच्या अ‍ॅपवर कुणी हॅकर होत नाही. पोथी वाचून पोहता येत नाही, तसंच. खरं शिकायचं तर कॉम्प्युटर हवा, लिनक्स हवं, नेटवर्कचा पाया हवा, आणि सराव करायला स्वतःचीच यंत्रं हवीत. दहावी-बारावीच्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण ही उत्तम नोकरीची वाट आहे. आम्हा बायकांना मात्र सुरुवातीचे वीस धडेही पुष्कळ. त्यातून एवढं कळतं, की बहुतेक वेळा चोर यंत्र फोडतच नाही, माणूस फोडतो. "आज रात्री वीज कापू," ही भीती. "पैसे घेण्यासाठी पिन टाका," ही थाप. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, बायांनो!

आता खरी गोष्ट. मी असलं काही शिकतेय ही बातमी गल्लीत पसरली आणि लोक दारात यायला लागले. शेजारच्या काकू आल्या. चहा झाला. मग हळूच म्हणाल्या, "सूनबाई दिवसभर कुणाशी बोलते, तेवढं मोबाईलमधून बघून दे ना." दुसऱ्या एका गृहस्थांना कॉलेजातल्या मुलीचं व्हॉट्सअ‍ॅप हवं होतं. गंमत म्हणजे स्वतःचा फोन तपासून दे म्हणत एकही जण आला नाही.

काकूंना मी 'नाही' म्हटलं. त्यांना वाटलं, मला येत नाही. येत नव्हतंच म्हणा; पण आलं असतं तरी केलं नसतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रात लबाडीने शिरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा बाजूला ठेवा. सुनेच्या फोनची मालकीण सून. मुलगी सज्ञान असेल तर मालकीण मुलगी. 'आमच्यात काही लपवाछपवी नसते' म्हणून बायकोचा फोन रोज चाळणारा नवरा स्वतःचा फोन मात्र उशीखाली ठेवतो, हे मी किती घरांतून बघितलंय! याला काळजी म्हणायचं? माझ्या मते ही विनापरवाना घुसखोरीच आहे.

आणि इथे माझ्याकडून एक चूक झाली. दिवाळीनंतर गटाच्या बैठकीत मी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपमधली 'लिंक्ड डिव्हायसेस' ही जागा दाखवली. आपलं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठे जोडलेलं असेल तर तिथे दिसतं आणि तिथूनच ते तोडताही येतं. बावीस बायकांनी बघितलं, एकवीस जणींचं रिकामं. एकीच्या फोनवर एक कॉम्प्युटर दिसत होता. ती लगेच म्हणाली, "दुकानातला असेल, ह्यांचा." आणि मी, धडा शिकवायच्या भरात, "मग तोड की!" म्हटलं. तिने सगळ्यांसमोर तोडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री तिच्या घरी काय झालं, ते मला चार दिवसांनी कळलं. कुलूप घातलेलं समजल्यावर चोर पळून जातो, पण घरातला माणूस पळत नाही, तो चवताळतो. अ‍ॅपच्या एकाही धड्यात हे नव्हतं, आणि अकरा वर्षं बायकांत काम करून मला ते सुचायला हवं होतं. आधी तिला बाजूला घेऊन विचारायचं होतं, घरी कसं आहे? माहेर जवळ आहे का? १८१ ही महिलांची हेल्पलाईन ठाऊक आहे का? कडी घालायची की नाही, कधी घालायची, हे तिला ठरवू द्यायचं होतं. परवानगीवर एवढं बोलणारी मी, तिची परवानगी मीही घेतली नाही.

शिकवणं थांबवणार नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा तीच जागा दाखवणार आहे, पण एकेकीला आतल्या खोलीत बोलावून.

ती गेल्या दोन बैठकींना आली नाही. हप्ता धाकट्या दिराच्या हाती पाठवला. मेसेज करावा म्हणून फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तो कोण वाचेल, काय सांगावं! रविवारी तिचा नवरा दुकानाच्या मालासाठी बाहेरगावी जातो. ब्लाऊज शिवायला टाकायचं निमित्त आहे. मी स्वतःच जाऊन येणार आहे.