घरच्या लेथला पारदर्शक गार्ड हवाच

"डॉक्टर, चष्मा होता की डोळ्यावर!" डोळ्यात लोखंडाचा कण घेऊन येणारे बरेच जण पहिलं वाक्य हेच बोलतात. तो असतो नंबरचा चष्मा, आणि कण आलेला असतो वरून किंवा बाजूच्या फटीतून. लेथवर काम करताना आपण नेमकं कण उडतात तिथेच वाकून बघत असतो.

हल्ली निवृत्तीनंतर छंद म्हणून किंवा छोट्या जोडधंद्यासाठी घरी लहान लेथ घेणारे भेटतात. छंद उत्तम आहे. पण पहिला जॉब चढवण्याआधी मशीनला पारदर्शक गार्ड बसवा, असं माझं ठाम मत आहे. "सेफ्टी गॉगल आहे ना" हे उत्तर मला पटत नाही. गॉगल हवाच, पण तो तुमच्या आठवणीवर अवलंबून असतो. "एकच कट तर मारायचाय" म्हटलं की तो खुंटीवरच राहतो, आणि घरी टोकायला सुपरवायझर नसतो. गार्ड मशीनलाच जोडलेला असतो.

खरी चूक होते ती शीट निवडताना. बोर्ड बनवणाऱ्याकडे ॲक्रिलिकचे तुकडे सहज मिळतात, दिसतातही काचेसारखे स्वच्छ. पण जोरात मार बसला की ॲक्रिलिक तडकतं आणि त्याचे धारदार तुकडे होतात. तुम्हाला पॉलीकार्बोनेट हवं. सेफ्टी गॉगलच्या काचाही बहुधा त्याच्याच असतात. शंका असेल तर एक अरुंद पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवा. पॉलीकार्बोनेट वाकतं, ॲक्रिलिक कट्कन तुटतं. (ही परीक्षाही गॉगल घालूनच करा!)

लहान लेथला साधारण 5 मिमी जाडीची शीट घ्या. कॅरेजच्या मागच्या बाजूला बिजागरीच्या अँगलवर बसवली तर ती टूलबरोबर सरकते आणि माप घेताना मागे उलटवता येते. भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवा, वॉशर लावा, आवळून पिळू नका. थिनर, ॲसिटोन किंवा बोल्ट घट्ट करणारं लॉकिंग लिक्विड लागलं तर पॉलीकार्बोनेटला बारीक तडे जातात. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा. ओरखड्यांनी धूसर झाली तर बदला, नाहीतर तुम्हीच तिच्या बाजूने डोकावून बघायला लागाल. वीज बंद ठेवून चक हाताने फिरवा आणि गार्ड कुठे अडत नाही ना, ते पाहा. एक मर्यादाही लक्षात ठेवा. हा गार्ड उडणारा कीस अडवतो. चकमध्ये विसरलेली चावी किंवा निसटलेला जॉब तो थोपवेल असं धरून चालू नका.

एवढा आग्रह का? लोखंडाचा गरम कण बुबुळाला चिकटला की काही तासांतच त्याभोवती गंजाचं वर्तुळ धरू लागतं. मग नुसता कण काढून भागत नाही, गंजही खरवडावा लागतो. दुर्लक्ष केलं तर जंतुसंसर्ग होऊन जखम चिघळते. तिचा पांढरा डाग नजरेच्या मध्यावर राहिला, तर दृष्टी कायमची कमी होते.

त्याहून वाईट म्हणजे वेगाने आलेला बारीक तुकडा डोळ्याच्या आत शिरणं. कधी कधी फारसं दुखत नाही, सुरुवातीला दिसतंही ठीक. पण आत राहिलेलं लोखंड हळूहळू रेटिना खराब करतं. म्हणून तपासायला याल तेव्हा "कचरा गेला" एवढंच सांगू नका, लेथवर काय करत होतात ते सांगा. एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागेल का, हे त्यावरून ठरतं. डोळ्यात लोखंड असल्याची शंका असताना एमआरआय करायचा नसतो, हेही त्या वेळी बोला.

तोवर डोळा चोळू नका. शेजारच्या "तज्ज्ञा"कडून काडीने किंवा सुईने कण काढून घेऊ नका. घरात उरलेले स्टिरॉइडचे किंवा डोळा बधिर करणारे थेंब टाकू नका. दुखणं थांबतं, पण जखम आतून बिघडत जाते.

आणि गार्ड बसवल्यावरही कीस काढायचा तो मशीन बंद करून, ब्रशने. फुंकर नको, कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. जॉब व्यवस्थित संपवून साफसफाईत डोळा दुखावून घेतलेले पेशंटही आमच्याकडे येतात.