आधी कोणाची बंदूक काढायची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गोरेगावातल्या माझ्या घराच्या ओसरीवर जवळच्या एका खेड्यातला तरुण येऊन बसला. त्याचे वडील माझ्या वर्गात होते. मास्तर निवृत्त झाला तरी अर्ज लिहून घ्यायला त्याच्याकडेच यायचे, ही रीत त्या घराने अजून सोडलेली नाही. पीककर्जाचा असेल, दाखल्याचा असेल, असे समजून मी कागद पुढे ओढला. तो म्हणाला, "गुरुजी, बंदुकीच्या परवान्याचा अर्ज लिहून द्या."

त्याची हकीकत थोडक्यात अशी. गावच्या गायरानातला एक तुकडा हे दलित कुटुंब आज्याच्या काळापासून वाहत आले आहे. ऐन शेंगा भरायच्या दिवसांत उभ्या सोयाबीनमध्ये रात्री कोणी जनावरे सोडली. जाब विचारायला गेलेल्या दोघा भावांना मारहाण झाली. मारणाऱ्यांत एका कडव्या संघटनेच्या नावाने मिरवणारी चार-सहा पोरे होती. दोघे भाऊ ठाण्यात गेले तेव्हा सकाळ होती; दिवेलागणीपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवले. 'गावातच मिटवून घ्या' असा सल्ला मिळाला. त्या पोरांचा म्होरक्या त्याच वेळी आतल्या खोलीत चहा घेत होता. फिर्याद अखेर घेतली गेली, पण तिच्या आधी उलटी फिर्याद नोंदवलेली होती : या दोघांनीच सोन्याची साखळी आणि रोकड हिसकावली. ठाणे कोणते, ते इथे लिहीत नाही. अत्याचाराच्या फिर्यादीवर दरोड्याची उलटी फिर्याद हा प्रकार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत इतका परिचयाचा आहे की एका ठाण्याचे नाव घेतल्याने बाकीच्यांची उगाच सुटका होईल.

आयुष्यभर मुलांना साने गुरुजींच्या गोष्टी सांगितलेला मी माणूस. बंदूक घेऊन काय करशील, असे मी विचारले. तो शांतपणे म्हणाला, "मला काय कुणाला मारायचंय का, गुरुजी? घरात हाय एवढं त्यायला कळलं तरी बास." यावर उपदेश करणे सोपे होते. पण रात्री ज्याच्या दाराला कडी लावून कोणी निर्धास्त झोपू शकत नाही, त्याला अहिंसेचा धडा देण्याचा अधिकार माझा किती, हा प्रश्न मला पडला. अर्ज मी त्या दिवशी लिहिला नाही. आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, असे त्याला सांगितले.

कायद्याने मला चकित केले. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आणि त्याखालचे नियम १९९५ चे. त्यांतला तिसरा नियम अत्याचार होण्याची शक्यता असलेल्या भागांसाठी आहे. सरकारने असे भाग शोधावेत, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन पाहणी करावी, हे त्यात ओघाने आलेच. पण पुढे काय म्हटले आहे पाहा. गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, स्नेह्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती हत्यारे सरकारजमा करावीत. बेकायदा हत्यारे जप्त करावीत. आणि जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत. म्हणजे ज्या मागणीने मी दचकलो, ती मागणी भारत सरकारच्या राजपत्राने तीस वर्षांपूर्वीच रास्त मानलेली आहे.

मात्र हा परवाना मिळवायचा कसा? शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने अर्जदाराच्या जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदाराचा अहवाल मागवायचा असतो. ज्या ठाण्याने बाकावर बसवले म्हणून हा मुलगा बंदूक मागतो आहे, तेच ठाणे त्याच्या चालचलणुकीविषयी लिहिणार! आणि ते काय लिहील? अर्जदारावर दरोड्याचा गुन्हा दाखल आहे, असे लिहील. उलट्या फिर्यादीचा हा दुसरा उपयोग.

स्वसंरक्षणाच्या हक्काचेही असेच आहे. जुन्या दंडसंहितेत तो होता, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ३४ ते ४४ या कलमांत तो आहे. पण सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तिथे हा हक्क चालत नाही. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. प्रत्येक जण स्वतःचा न्याय स्वतः करू लागला तर राज्य कशाला हवे? पण या तत्त्वाला एक गृहीत आधार आहे. धाव घेतली तर दार उघडेल, हा तो आधार. दार एकालाच उघडत असेल तर कायद्याने दुसऱ्याचे हात बांधले आणि पहिल्याचे मोकळे सोडले, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

दाराची ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही. आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि वऱ्हाडची हद्द इथून फार लांब नव्हती. १९४७-४८ मध्ये कासीम रझवीच्या रझाकारांनी खेडी लुटली, जाळली. संस्थानचे पोलीस एक तर त्यांच्या बरोबर असत, नाही तर पाठ फिरवून उभे राहत. तक्रार न्यायची कोणाकडे? मग हद्दीपलीकडे स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. उमरखेडची छावणी त्यांतलीच. लोकांनी हत्यारे मिळवली, नाकी उठवली. आमच्या सेनगाव तालुक्यातल्या आजेगावच्या लढाईत वापटीचे बहिर्जी शिंदे धारातीर्थी पडले. त्यांच्या नावाने वसमतला आज महाविद्यालय आहे. दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तो या लोकांच्या स्मरणार्थ. त्यांनी कायदा हातात घेतला, असे भाषण त्या दिवशी कोणी करीत नाही. मग गायरानातल्या पोराने परवान्याचा रीतसर अर्ज मागितला तर आपल्या कपाळाला आठ्या का पडाव्यात?

पण ही कहाणी १७ सप्टेंबर १९४८ ला संपत नाही, आणि शाळेत मी ती तिथेच संपवीत असे, याची आज मला खंत वाटते. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत सूड सुरू झाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीला केंद्र सरकारनेच हैदराबादला धाडले होते. त्या समितीच्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा आहे. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर आमच्या शेजारचे नांदेड आहे. मारले गेलेले मुसलमान होते आणि रझाकारीशी काडीचा संबंध नसलेले असंख्य जण त्यांत होते. काही ठिकाणी गणवेशातली माणसेही लुटीत सामील होती, असे समितीने नोंदवले. अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. कालपर्यंत ज्यांच्याकडे हत्यार नव्हते त्यांच्याकडे ते आले, आणि कालपर्यंत ज्यांच्या बाजूने पोलीस होते त्यांच्या विरुद्ध ते गेले. ठाण्याने बाजू घ्यायची सोडली नाही. फक्त बाजू बदलली.

त्यानंतर तीस वर्षांनी ठाण्याची कसोटी पुन्हा लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांना मोठी झळ बसली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे याच दंगलीत मारले गेले. जमाव वस्तीवर चालून येत असताना गावात राज्याचा प्रतिनिधी म्हणजे पोलीस पाटील. तो बहुतेक ठिकाणी जमावाच्याच भावकीतला. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीत सुमारे नऊशे माणसे मेली. न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात पोलिसांच्या मनातल्या मुसलमानविरोधी पूर्वग्रहावर स्पष्ट बोट ठेवले आणि दोषी अधिकाऱ्यांची नावे दिली. त्यांतल्या किती जणांची कारकीर्द त्यामुळे अडली, ते वाचकांना ठाऊक आहे.

म्हणून हत्यार हेच उत्तर, असे कोणी म्हणेल. ते पडताळून पाहण्याजोगे आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतले. ते पँथर १९६६ पासून ओकलंडच्या रस्त्यांवर उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवीत. परिणाम काय? पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी घातली. गोऱ्यांच्या खांद्यावरची बंदूक इतकी वर्षे चालत होती. काळ्यांच्या खांद्यावर दिसताच कायदा धावला. बिहारमध्ये तर दोन्ही बाजूंना बंदुका होत्या. लक्ष्मणपूर-बाथे इथे १ डिसेंबर १९९७ च्या रात्री रणवीर सेनेने अठ्ठावन्न दलित-गरिबांना मारले, आणि २०१३ मध्ये उच्च न्यायालयात सारे आरोपी सुटले. नक्षलवाद्यांच्या बंदुकांनी सेनारीसारख्या गावांत बदले घेतले. त्याने भूमिहीनाला ना जमीन मिळाली, ना झोप.

गावातल्या हिशेबातही हेच खरे. वस्तीत एक परवान्याची बारा बोअर आली तर गावात चार येतील, त्यांची काडतुसेही जास्त असतील, आणि पहिली गोळी कोणी झाडली याचा पंचनामा तेच ठाणे करील.

याउलट एक उदाहरण महाडचे आहे. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर सत्याग्रहींना मारहाण झाली. बाबासाहेबांच्या अनुयायांत पलटणीतून निवृत्त झालेले लोक होते. प्रतिकार त्यांना अवघड नव्हता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, प्रकरण कोर्टात गेले आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या. जिल्ह्याचे मुख्य अधिकारी सवर्ण हिंदू नव्हते म्हणून हा न्याय मिळाला, असे बाबासाहेबांचे स्वच्छ मत होते. दुर्बलाला शस्त्राशिवाय न्याय मिळू शकतो, पण ठाणे आणि कचेरी तंट्यातल्या एका बाजूची नसेल तरच.

आज ती तशी आहे का? आमच्या मूळ जिल्ह्याच्या गावी, परभणीत, १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक चिडले, दुसऱ्या दिवशी दगडफेक झाली, आणि पोलीस वस्त्यांत शिरले. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सरकार हरले, हे खरे. पण एका आईला गुन्हा नोंदवण्यासाठी दिल्लीपर्यंत लढावे लागत असेल, तर गायरानातल्या पोराला 'ठाण्यावर विश्वास ठेव' असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

सांगायचे ते सरकारला सांगितले पाहिजे. तिसऱ्या नियमाचा क्रम पुन्हा वाचा. आधी सबळाचे परवाने काढा, मग चोरटी हत्यारे धरा, आणि त्यानंतर गरज असेल तर दुर्बलाला परवाना द्या. हा क्रम करणाऱ्याला गाव कळत होते. मग जिल्हाधिकाऱ्यांनी पहिल्या दोन पायऱ्यांचा हिशेब जाहीर करावा : अत्याचाराचे गुन्हे नोंदलेल्या गावांत परवान्याची हत्यारे कोणाकडे आहेत आणि त्यांतली किती जमा केली. जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावी असा नियम आहे; तिचे इतिवृत्त तहसील कचेरीच्या फलकावर लागावे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर अत्याचाराचा गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज उरलेली नाही. तरीही बाकावर बसवणाऱ्याला चौथे कलम लावावे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला त्यात सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. मात्र त्यासाठी आधी खात्याची प्रशासकीय चौकशी लागते. ती चौकशी त्याच उपविभागातल्या अधिकाऱ्याकडे असू नये. आणि परवान्याचा अर्ज करणाऱ्याची तक्रार ज्या ठाण्याविरुद्ध असेल, त्याच्या अहवालावरच निर्णय होऊ नये.

हत्यारांचा तुटवडा आमच्याकडे नाही. हिंगोलीत राज्य राखीव पोलिसांचा अख्खा गट आहे. त्या बंदुका गायरानातल्या झोपडीच्या बाजूनेही उभ्या राहू शकतात, हे एकदा दिसले तर त्या झोपडीला स्वतःची बंदूक लागणार नाही.

तो मुलगा आठ दिवसांनी परत आला. मी त्याला तीन अर्ज लिहून दिले. पहिला, मारहाण करणाऱ्यांच्या घरांतले शस्त्रपरवाने तपासावेत यासाठी. दुसरा, चौथ्या कलमाखाली चौकशीसाठी. तिसरा त्याने मागितलेला, परवान्याचा. तो लिहिताना माझा हात जड झाला होता; पण पहिले दोन निकाली निघेपर्यंत तिसरा लिहिणार नाही, असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. तिन्हींची पोच त्याने जपून ठेवली आहे. उत्तर एकाचेही आलेले नाही.