थंड हवेचे भाडे

८ एप्रिल २०२४ रोजी हैदराबादच्या टॅक्सीचालकांनी एक विलक्षण सत्याग्रह आरंभिला. मोबाईलवरून मागविलेल्या मोटारीतला एसी यापुढे आपण लावणार नाही, ज्या प्रवाशाला तो हवा असेल त्याने वर काही द्यावे, असे तेलंगण गिग अँड प्लॅटफॉर्म वर्कर्स युनियन या त्यांच्या संघटनेने जाहीर केले. संघटनेचा हिशेब सरळ होता. एसी लावून गाडी चालविण्यास किलोमीटरमागे सोळा ते अठरा रुपये खर्च येतो आणि हाती पडतात दहा ते बारा. मार्च २०२५ मध्ये हीच मोहीम पुन्हा उभी राहिली. म्हणजे मधल्या वर्षात हिशेब जुळला नव्हता, हे उघड आहे.

दख्खनच्या पठारावरचा उन्हाळा आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना परका आहे. आपला उन्हाळा घामाचा, त्यांचा होरपळीचा. पारा चाळिशीपार गेलेला असताना दिवसाचे दहा-बारा तास डांबरी रस्त्यावर काढणाऱ्या माणसाला थंड हवा ही चैन आहे, असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे करून केंद्र सरकारनेही ती चैन नसल्याची कबुली दिलीच आहे. मग टॅक्सीवाल्यानेच काय पाप केले?

या भांडणात पेट्रोलच्या खर्चाची चर्चा पुष्कळ झाली. दुरुस्तीची फारशी झाली नाही. एसीचा कॉम्प्रेसर बसला की नव्या भागाची किंमत ऐकून गरीब चालकाचे धाबे दणाणते आणि तो जुन्या मालाकडे वळतो. हैदराबाद हे जुन्या वस्तूला नवा धनी मिळवून देणारे शहर आहे. गुरुवारी भरणाऱ्या तिथल्या जुमेरात बाजाराची ख्याती त्यावरच उभी आहे. अशा शहरात मोडीत निघालेल्या गाडीचा कॉम्प्रेसर दुसऱ्या गाडीत दहा वर्षे फिरला तर त्यात हिणविण्यासारखे आम्हांला काहीच दिसत नाही. चांगला भाग भंगारात वितळविण्यापेक्षा तो पुन्हा कामास लावणे केव्हाही शहाणपणाचे. घराच्या अंगणात, भावाच्या मदतीने, स्वतःच्या हाताने गाडी उघडणाऱ्याचे आम्ही कौतुकच करू.

परंतु कौतुकाला एक हद्द आहे. एसी म्हणजे पंक्चर नव्हे. जळालेल्या कॉम्प्रेसरचा धातूचा चुरा नळ्यांतून सर्वत्र पसरलेला असतो. तो धुऊन न काढता दुसरा कॉम्प्रेसर बसविला तर त्याचीही तीच गत होते. ओलावा शोषणारा ड्रायर उघडा पडून राहिला की निकामी होतो, म्हणून जुना ड्रायर घेणे ही बचत नव्हे, ती फसवणूक. नळ्यांतली हवा व दमटपणा व्हॅक्यूम पंपाने ओढून काढल्याशिवाय वायू भरला, तर ओलाव्याचे आम्ल होऊन आतले धातू खाल्ले जातात. गळती तपासावयाची ती नायट्रोजनने. कोणी ऑक्सिजनचे नळकांडे लावील तर तेलाशी गाठ पडून स्फोट व्हावयाचा. स्वस्तात पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरावयास सांगणारे महाभागही भेटतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे, की तो गॅस चुलीसाठी आहे, प्रवाशांच्या नाकासमोर खेळविण्यासाठी नाही. आणि जुना कंडेन्सर घेणाराने तो समुद्रकाठच्या गाडीचा तर नाही ना, हे पाहावे. खारा वारा ॲल्युमिनियमचे काय करतो हे पणजी-वास्कोच्या गाडीवाल्यांस आम्ही सांगावयास नको.

सर्वांत गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. पूर्वीच्या मोटारींत आर-१२ हा वायू असे. तो आकाशातल्या ओझोनच्या थराला भोके पाडतो हे ध्यानात आल्यावर १९८७ साली माँट्रियल करार झाला, भारत १९९२ साली त्यात सामील झाला आणि २००८ साली आपण त्या वायूंचे उत्पादन थांबविले. त्याच्या जागी एचएफसी-१३४ए आला. तो देशात बनविण्याची स्वतःची पद्धत हैदराबादच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीच्या शास्त्रज्ञांनी बसविली. ही प्रयोगशाळा ज्या परिषदेची, तिची धुरा १९९५ ते २००६ या काळात आपल्या माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी वाहिली, हे जाता जाता सांगितलेले वाचकांना आवडेल. हा वायू ओझोनला धक्का लावीत नाही. मात्र हवा तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट जोरकस आहे. एका मोटारीत तो अर्धा किलोच्या आसपास असतो. अंगणात नळी सैल करून तेवढा वायू सोडून देणे म्हणजे तीनशे लिटर पेट्रोल एका क्षणात जाळण्यासारखे आहे. उकाड्यावर इलाज करताना उकाडा वाढवावयाचा, असा हा उफराटा व्यवहार.

याचा दोष आम्ही त्या चालकाच्या माथी मारणार नाही. वायूचा लहान डबा दुकानात कोणालाही मिळतो; जुना वायू काढून साठविण्याचे यंत्र मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजात शोधून सापडत नाही. मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या शीतलन कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख कारागिरांना शिकवून प्रमाणपत्रे देण्याचे लक्ष्य होते. ती मुदत उलटून गेली. आपल्या ओळखीच्या किती एसी-मिस्त्रींच्या भिंतीवर असे प्रमाणपत्र टांगलेले आहे, हे वाचकांनीच पाहावे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी संकेतस्थळ उघडले आणि त्यात मोटारीही घेतल्या. हक्क दिला हे बरे झाले. हत्यार कोण देणार?

मोडीत काढावयाच्या गाड्यांसाठी २०२१ साली नियम झाले आहेत. त्यांनुसार नोंदणी झालेल्या केंद्रांत गाडीतला वायू आधी काढून घ्यावा, कॉम्प्रेसर दाबावर तपासून त्यावर खूण करावी आणि तो रास्त दरात पावतीसह विकावा. अंगणातल्या कारागिराने नटबोल्ट खुशाल खोलावेत, परंतु वायू काढणे व भरणे ही दोन कामे यंत्र असलेल्या ठिकाणीच व्हावीत, आणि ते यंत्र प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये नाममात्र शुल्कात उपलब्ध असावे. गोवा सरकारला हे हैदराबादच्या आधी करून दाखविता येईल. आपले राज्य लहान आहे आणि टॅक्सीवाले पुष्कळ आहेत.

उरला भाड्याचा प्रश्न. मोटार आपली नाही, पेट्रोल आपले नाही, कॉम्प्रेसर आपला नाही आणि तरीही दर आपणच ठरविणार, असा कंपन्यांचा कारभार आहे. थंड हवेचे आमिष दाखवून गिऱ्हाईक त्या मिळवितात, तर त्या हवेचा आकार भाड्यात स्वतंत्र दाखवून तो पुरताच्या पुरता चालकाच्या खात्यात जमा करण्यास त्यांना राज्य सरकारने भाग पाडावे. तोवर हैदराबादच्या चालकाने काच खाली केली, तर मागे बसलेल्या प्रवाशाने त्याच्यावर डाफरू नये.