लेकीची उंची आणि सायकलची सीट

गेल्या ईदला शिवलेला कुर्ता या ईदला लेकीला आखूड झाला, तेव्हा तिच्या अम्मीने खालची दुमड उसवून दोन बोटे लांबी वाढवून दिली. घरोघरी हे असेच चालते. पण त्याच वर्षात त्याच लेकीला तिची सायकलही आखूड झाली होती, हे मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही. ध्यानात आले ते तिचा गुडघा दुखू लागल्यावर.

सायकल मूळची तिच्या भाईची. तो सातवीत असताना घेतलेली. तो नोकरीसाठी आखातात गेला आणि सायकल लेकीकडे आली. लेक आता बारावीत, उंची ५ फूट ९ इंच. राजिवड्याहून मारुती मंदिराकडे क्लासला जायचे म्हणजे खाडीच्या काठावरून वर सड्यावर चढायचे. रत्नागिरीचे चढ रत्नागिरीकरांना सांगायला नकोत. संध्याकाळी घरी आली की गुडघ्याच्या वाटीपुढे हात धरून बसायची.

मग सल्ले सुरू झाले. खाला म्हणाली, "एवढी मोठी झाली, आता सायकल कशाला? रिक्षा लावून द्या." खरे सांगायचे तर आम्हालाही ते पटू लागले होते. लेक मात्र गप्प होती. एका रात्री एवढेच म्हणाली, "अब्बा, रिक्षा लावलीत तर मी रिक्षाच्या वेळेची होईन. लायब्ररीत थांबायचं असलं तर थांबता येणार नाही." ते ऐकून आम्ही आधी डॉक्टरांकडे जायचे ठरवले.

डॉक्टरांनी गुडघा तपासला, काही दोष नव्हता. मग त्यांनी विचारले, "सायकलची सीट किती उंच आहे?" आम्हाला सांगता येईना. घरी येऊन पाहिले, तर पॅडल मारताना लेकीचे गुडघे हँडलला लागायच्या बेतात. सीट खाली असली की पाय कधी सरळच होत नाही. दुमडलेल्या गुडघ्यानेच सगळा जोर लावावा लागतो, चढावर तर जास्तच. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते ते त्यामुळे.

उपाय सोपा वाटला, सीट वर करायची. पहिल्या दुकानात पोराने पाना लावला आणि दांडा भराभर वर खेचला. आमची नजर दांड्यावर कोरलेल्या आडव्या रेघांवर गेली. त्या रेघा म्हणजे हद्द. त्या फ्रेमच्या आत राहिल्या पाहिजेत, बाहेर दिसता कामा नयेत. दांडा आत पुरेसा बसलेला नसला, तर माणसाचे सगळे वजन फ्रेमच्या नळीच्या तोंडावर येते. खड्ड्यात आदळले की दांडा वाकतो, नाहीतर नळीच चिरते. "चालतंय चाचा, सगळे असंच करतात," पोरगा म्हणाला. आम्ही दांडा पुन्हा खाली घ्यायला लावला.

म्हणजे लांब दांडा शोधणे आले. दुकानात त्याला सीट पिलर म्हणतात. आम्हाला वाटले, दांडा तो दांडा, लांब मागितला की मिळेल. तसे नसते. दांड्याची जाडी फ्रेमच्या नळीशी तंतोतंत जुळावी लागते. साध्या लोखंडी सायकलींना बरेचदा २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर १ इंच लागतो. छोट्या मुलांच्या सायकलींना २२.२, म्हणजे जुन्या मिस्त्रींच्या भाषेत ७ सूत. गिअरच्या सायकलींना २७.२, ३०.९, ३१.६ असे वेगवेगळे. नुसता डोळ्यांनी हा फरक कळत नाही. अर्धा मिलिमीटर जाड असला तर दांडा आत जात नाही, अर्धा बारीक असला तर क्लॅम्प कितीही आवळा, सीट गोल फिरते आणि हळूहळू खाली बसते.

दुसऱ्या दुकानात असाच एक बारीक दांडा मिळाला. त्यांनी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून भोवती गुंडाळला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी चढावर सीट खाली सरकली. फरक भरून काढायला मापाची तयार नळी मिळते, तिला शिम म्हणतात. तिने काम होते. गुंडाळलेल्या पत्र्यावर मात्र भरवसा ठेवू नये.

मग उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने व्हर्नियर लावून जुना दांडा मोजला: जाडी २५.४, लांबी ३००. आम्ही म्हटले, "१ इंचाचा पाइप कापून द्या की." त्याने मान हलवली. "हा फर्निचरचा पाइप आहे चाचा, आतून पातळ. खुर्चीला चालेल. मुलगी चढावरून यायची आहे ना?" गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या या माणसासाठी आमच्या तोंडून दुआ निघाली.

शेवटी माप कागदावर लिहून तिसऱ्या दुकानात दिले: जाडी २५.४, लांबी ४००, लोखंडी. त्यांनी कोल्हापूरहून मागवला. आठ दिवस लागले, खर्च महिन्याच्या रिक्षाभाड्याच्या मानाने काहीच नाही.

आता सीट किती वर ठेवायची? सर्वांत सोपी रीत अशी. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पॅडल अगदी खाली न्यावे आणि टाच त्यावर ठेवावी. पाय सरळ झाला तर उंची बरोबर. चालवताना पावलाचा पुढचा भाग पॅडलवर येतो, तेव्हा गुडघा आपोआप किंचित वाकतो. फ्रान्सची मोठी शर्यत ३ वेळा जिंकणारे अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे एक हिशेबही प्रसिद्ध झाला आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहायचे, मांड्यांमध्ये पुस्तक घट्ट वर धरायचे आणि जमिनीपासून तिथपर्यंतची उंची मोजायची. तिला ०.८८३ ने गुणले की पॅडल ज्या आसाभोवती फिरते तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर निघते. लेकीचे माप ८१ सेंटीमीटर, म्हणून सीट सुमारे ७१.५ वर हवी. जुन्या दांड्याने ती हद्दीपर्यंत ओढूनही ६४ वरच येत होती. साडेसात सेंटीमीटरची तूट होती आणि आम्ही गुडघ्याला दोष देत होतो!

एकदम एवढी वर केली नाही. दर दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी वाढवली. नव्या उंचीवर बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत, हे पाहून तिची अम्मी घाबरली. पण थांबताना सीटवरून पुढे उतरून उभे राहायचे असते. ते लेक अंगणात एका दिवसात शिकली.

आणखी तीन गोष्टी. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी दांडा नळीतच गंजून बसतो. म्हणून वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तो काढून पुसून ग्रीस लावावे. अडकलाच तर हातोडा मारू नये, तेल सोडून रात्रभर थांबावे. दुसरे, ओढणी आणि बुरख्याची किनार चाकाजवळ येत नाही ना, चेनवर कव्हर आहे ना, हे पाहावे. तिसरे, लांब दांडा प्रत्येक वेळी पुरतोच असे नाही. सीट बरोबर करूनही गुडघे हँडलला लागत असतील, पाठ आवळल्यासारखी होत असेल, तर फ्रेमच लहान आहे. मग मोठ्या फ्रेमची सायकल बघावी आणि ही लहान भावंडाला द्यावी.

हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीत प्रेषित (स.) घरी स्वतःची पादत्राणे सांधत, कपडे शिवत असल्याचा उल्लेख येतो. घरातली वस्तू हातात घेऊन, नीट पाहून दुरुस्त करणे यात कमीपणा नाही. आम्ही मात्र धडधाकट सायकल टाकून द्यायला आणि लेकीची मोकळीक काढून घ्यायला निघालो होतो. वस्तूचा इसराफ झाला असता, आणि लेकीवरही अन्याय झाला असता.

आता महिना झाला. गुडघ्याची तक्रार नाही. परवा खालाने विचारले, "रिक्षा लावलीत ना?" लेक लायब्ररीत होती, म्हणून उत्तर आम्हीच दिले.

येत्या ईदला मुलांच्या कपड्यांची मापे घ्याल, तेव्हा टेप तशीच अंगणात न्या आणि सायकलच्या सीटचेही माप घ्या.