नक्कल उघडून पाहिली काय?

विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हा आमच्या शाळेच्या कार्यालयातील मुख्य संगणकावर नवी प्रणाली चढविणे ओघानेच आले. शाळेतील बाकीची यंत्रे आपल्या फायली याच्याकडून घेतात. दाखिल-खारिज, निकाल, टी. सी. सारे त्याच्याच पोटात. लिपिक महाशयांनी सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले व "सर, झाले," असे सांगितले.

आम्हांस चैन पडेना. ती डिस्क आम्ही ग्रंथालयातील नव्या यंत्रास जोडली, आणि पाहतो तो काय, विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांची नुसती खिचडी! आमच्याकडील कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे कृतिदेव टंक चालत आला आहे. त्यात देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. टंक राहतो विंडोजच्या घरात, फायलीबरोबर तो येत नाही. अर्थात कृतिदेव पुन्हा मिळविता येतो. एवढ्याने आभाळ कोसळले नसते.

खरा धक्का पुढेच होता. दाखिल-खारिजची फाईल नकलेत आलीच नव्हती! नक्कल होताना ती दुसऱ्या खोलीतील यंत्रावर उघडी होती. संगणकाने हटकले, आणि लिपिक महाशयांनी 'वगळा' दाबले. जुन्या रजिस्टरांची कितीतरी पाने वाळवीने खाल्ली आहेत. म्हाइंभटांचे मूळ लीळाचरित्र हरपल्यावर महानुभाव शिष्यांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले, व त्याचे निरनिराळे पाठ झाले, हे वाचकांस ठाऊक असेलच. आमच्या मुलांच्या जन्मतारखा कोण आठवून सांगणार होते?

लिपिक महाशयांस मात्र आम्ही दोष देत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत मुख्य माहितीकोश चुकून पुसला गेला. पाहतात तो, रोजची नक्कल निघतच नव्हती; कोश नव्या आवृत्तीचा आणि नक्कल करणारे साधन जुन्या. सुमारे सहा तास आधी सहजच घेतलेली एक प्रत होती, तिने लाज राखली. मधल्या सहा तासांचे काम गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर्व यंत्रे बंद करवून आम्ही पुन्हा नक्कल घेतली, टंकांसकट, आणि दोन डिस्कांवर. ग्रंथालयात बसून वाळवीने खाल्लेल्या वर्षांच्या नोंदी एकेक उघडून पाहिल्या. त्यास रात्रीचे आठ वाजले. नवी प्रणाली पुढच्या रविवारी चढली.