ब्रेकला हवा येऊ द्या!

रात्री दहानंतरचा सक्करदरा चौक. रस्ता मोकळा, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच दोन-चार गाड्यांचे आवाज चढलेले. नवी नोकरी, नवी हॅचबॅक, ईएमआय स्वतःच्या पगारातून. मग 'आपली गाडी पळते तरी किती?' हा प्रश्न पडणारच, राजेहो! लोचा प्रश्नात नाही, उत्तर कुठे शोधता त्यात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये याच सक्करदऱ्याच्या उड्डाणपुलावर एका भरधाव कारने दोन दुचाकींना उडवलं आणि चार जण पुलावरून खाली पडून मरण पावले. पूल ऑफिसातून घरी येण्यासाठी आहे. वेगाची हौस फेडायला वेगळी जागा असते, तिला ट्रॅक म्हणतात.

'ट्रॅक डे' म्हणजे रेस नव्हे. स्वतःची रोजची गाडी घेऊन जायचं, हेल्मेट घालायचं, पैसे भरायचे आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये मनसोक्त चालवायची. समोरून ट्रक नाही, मध्येच गाय नाही, राँग साइडने येणारे काका नाहीत. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोईम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे आणि ग्रेटर नोएडाला ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. आपण पडलो झीरो माइलवाले, देशाच्या मधोमध. त्यामुळे कुठेही जायचं म्हटलं तरी हजारेक किलोमीटर किंवा त्याहून जास्त. एवढं पेट्रोल जाळून पोहोचायचं आणि तिसऱ्याच लॅपला ब्रेक पेडल फ्लोअरला टेकायचं, हे परवडणारं नाही. खिशालाही नाही आणि हाडांनाही नाही.

आणि हे होतं बरं का! इंजिन, टायर, एक्झॉस्ट यावर तासन् तास बोलणारी मंडळी ब्रेकचं नाव काढत नाहीत. ट्रॅकवर सगळ्यात आधी दम तोडतो तो मात्र ब्रेकच.

थोडं शाळेतलं फिजिक्स आठवा. ब्रेक वेग 'संपवत' नाही, त्याची उष्णता करतो. माणसांसकट १२०० किलोची गाडी १४० वरून ६० च्या वेगावर आणली की सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. यातला थोडा वाटा हवेचा विरोध आणि इंजिन उचलतं, बाकी सगळा ब्रेकच्या डोक्यावर. एवढ्या ऊर्जेत अडीच लिटर पाण्याला उकळी फुटेल. टपरीवरच्या चहाचं मोठं पातेलंच म्हणा ना, तेही काही सेकंदांत! पुढच्या वळणाला पुन्हा एक पातेलं, मग आणखी एक. शहरात दोन सिग्नलच्या मध्ये डिस्क निवते. ट्रॅकवर तिला तेवढी उसंतच मिळत नाही. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट, हा हिशेबही विसरू नका.

ब्रेक फेल होण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते पायाला वेगवेगळे जाणवतात. पेडल कडक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय. त्यात वाफेचे बुडबुडे झालेत, आणि वाफ दाबली की चेपते, त्यामुळे पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. दुसरा प्रकार जास्त डेंजर, कारण तो एका वळणापासून पुढच्या वळणापर्यंतच्या वेळात होऊ शकतो.

म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइलवर, आणि तो सगळ्यात स्वस्त आहे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की स्टँडर्डनुसारच ही मर्यादा १५५ वर येते. दोन पावसाळे पाहिलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे उधारीवर बंगला बांधणं. डॉट ५.१ मध्ये हेच आकडे २६० आणि १८० आहेत. मात्र डॉट ५ वेगळं, ते सिलिकॉनचं असतं. नावं सारखी वाटतात म्हणून मिसळू नका. गॅरेजमध्ये सांगायचं, 'भाऊ, पूर्ण ऑइल बदला आणि चारही चाकांची हवा काढा.'

दुसरा खर्च पॅडचा. गाडीसोबत आलेले पॅड ऑफिस ते घर या प्रवासासाठी बनवलेले असतात. जास्त तापमान झेलणारे पॅड मिळतात, पण घेताना थंड असतानाही पकडतात ना, ते विचारा. निव्वळ रेसिंगचे पॅड सकाळी पहिल्या सिग्नलला धोका देऊ शकतात.

तिसरी पायरी म्हणजे हवा. गंमत बघा, ऑइलमधली हवा आपली शत्रू आणि डिस्कवरची हवा आपली दोस्त! बहुतेक गाड्यांच्या पुढच्या डिस्क 'व्हेंटिलेटेड' असतात. दोन पत्रे, मध्ये फटी. चाक फिरलं की ही डिस्क पंख्यासारखी काम करते, मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. म्हणून बंपरमधून पाइप टाकून हवा आणायची तर ती डिस्कच्या आतल्या बाजूला, मध्यभागी सोडायची. नुसती एका पृष्ठभागावर हवा मारली तर एक बाजू गार, दुसरी गरम आणि डिस्कला तडे जायची भीती.

या कामाला अडीच-तीन इंची, उष्णता सहन करणारा लवचिक पाइप लागतो. साधा प्लास्टिकचा नको, वितळेल. फॉगलॅम्पची जागा तोंडासाठी सोयीची पडते. पाइप बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, टायर घासत असेल तर सगळी मेहनत पाण्यात. डिस्कमागचा पत्रा काढला तरी हवा वाढते, पण तोच पत्रा चिखल आणि खड्यांपासून वाचवतो. उमरेड रोडच्या पावसाळ्यात त्याची किंमत कळते. तेव्हा ट्रॅकपुरतं बसवा, घरी परतण्याआधी काढा.

नागपूरचं ऊन? त्याला फार दोष देऊ नका. डिस्क साडेचारशे डिग्रीला असेल तेव्हा बाहेर २५ आहे की ४५, याने थंड होण्याच्या वेगात जेमतेम पाच टक्के फरक पडतो. उन्हाळ्यात आधी वाकतो तो ड्रायव्हर.

चौथी पायरी फुकट आहे: तुमचा पाय. घाबरून लांबवर हलका ब्रेक धरून ठेवला की डिस्क जास्त वेळ तापत राहते. सरळ रेषेत, जोरात आणि थोडाच वेळ दाबा, मग सोडा. शेवटचा लॅप हळू, जवळजवळ ब्रेक न लावता, म्हणजे वारा आपलं काम करेल. पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा. तापलेला पॅड डिस्कला चिकटून बसला की पुढे पेडल थरथरायला लागतं. चिखलदऱ्याचा घाट उतरताना पण हीच अक्कल लागते. गिअर खाली, पाय मोकळा.

आणि जाता जाता दोन कोरड्या गोष्टी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी करायला मनाई करतं, त्यामुळे बंपर कापण्याआधी दहा वेळा विचार करा. दुसरं, आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत साधारणपणे रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. तेव्हा ट्रॅकवरचा डेंट स्वतःच्या पगारातून, हे धरूनच चला.

हॉर्सपॉवर वाढवायचे पैसे जमा होईपर्यंत एवढं करा, बॉस: ऑइल, पॅड, हवा, पाय. याच क्रमाने. आणि तोवर सक्करदऱ्याच्या पुलावर चाळीसनेच चालवा. त्या पुलावर आपल्याशिवाय इतरांनाही घरी जायचंय.