अंगठ्यावरील शाई आणि राहून गेलेल्या लेकी

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला, पूर्वी लस टोचलेली असो वा नसो, एक मात्रा देण्याचा हुकूम होता. आणि अंधेरीतल्या शाळाशाळांतून मुले उजवा दंड पुढे करीत, डाव्या अंगठ्यावर शाईची खूण लावून घेत व वर्गात परतत. ही लस मुलींना वंध्यत्व आणते अशी वावडीही त्या दिवसांत मोबाइलवरून फिरली. जी लस उद्याच्या मातृत्वाच्याच रक्षणार्थ योजिली, तिच्यावर नेमका हा आळ यावा, यापरता दैवदुर्विलास तो कोणता!

रुबेला, अर्थात जर्मन गोवर, हा मुलांपुरता पाहिला तर क्षुल्लक आजार: थोडा ताप, फिकट पुरळ, कानामागच्या गाठींना सूज, आणि तीन-चार दिवसांत सारे निवळते, पुष्कळदा तर पुरळही उठत नाही. परंतु गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांत तोच विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचला, तर मूल मोतीबिंदू, बहिरेपण वा हृदयाचा दोष घेऊन जन्मते. हा कार्यकारणसंबंध १९४१ साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी प्रथम मांडला, तो जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या अर्भकांच्या मातांची हकिकत बारकाईने ऐकून.

आता खऱ्या चिंतेकडे वळू. मोहिमेच्या वेळी ज्या मुलींनी पंधरावे ओलांडले होते, त्या आज ऐन विवाहाच्या वयात आहेत. त्यांतल्या सुखवस्तू घरच्यांना खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस, मिळाली असेल. इतरांच्या वेळी राज्याच्या सरकारी वेळापत्रकात रुबेला नव्हताच. कित्येकींना बालपणीच नकळत लागण होऊन आयुष्यभराची प्रतिकारशक्ती लाभली असेल. पण जिला ना लागण झाली ना लस मिळाली, तिचे काय? अशा स्त्रियांचे काय होते, ते ग्रीसने अनुभवले: तिथे लस होती, परंतु १९८०च्या दशकात ती निम्म्या मुलांपर्यंतही पोहोचली नाही. परिणामी मुलांतला रोग मागे हटला, बालपणी लागण न होताच वाढलेल्या तरुण स्त्रिया असुरक्षित राहिल्या, आणि १९९३च्या साथीनंतर जन्मदोष घेऊन आलेल्या बालकांची नोंद त्या देशाला करावी लागली. लसीकरण अर्धवट सोडणे हे न करण्याहूनही कधी घातक ठरते, ते असे.

अंधेरी पूर्वेच्या सीप्झमध्ये आणि एमआयडीसीत दागिन्यांच्या व इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतून असंख्य तरुणी कामाला येतात. त्यांतल्या पुष्कळजणींपाशी बालपणीच्या लसींचा कोणताही दाखला नसतो. दाखला नसेल तर लस पुन्हा घेण्यात काही अपाय नाही. मात्र गर्भारपणात ती देत नाहीत, आणि घेतल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. म्हणजे हे काम लग्नाआधीच उरकले पाहिजे, आणि साखरपुडा ते लग्न ही मुदत त्यास बहुधा पुरते. महानगरपालिकेने व कारखानदारांनी मिळून कामाच्या जागीच ही तजवीज करावी. आणि ती होईपर्यंत ज्या घरी लेकीचे लग्न ठरले आहे, त्यांनी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे.